टोंकिनच्या आखातातील ४ ऑगस्ट १९६४ : 'चूक' या शब्दाची चिकित्सा

बीजसंज्ञा : टोंकिन आखात, मॅक्नामारा, गुप्तवार्ता, अनुवाद, उत्तरदायित्व.

प्रास्ताविक

टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री 'मॅडॉक्स' आणि 'टर्नर जॉय' या अमेरिकेच्या दोन विनाशिकांवर उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो नौकांनी हल्ला केल्याचे वृत्त वॉशिंग्टनला पोहोचले. त्याच दिवशी रात्री ११ वाजून ३६ मिनिटांनी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून प्रत्युत्तराची घोषणा केली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ७ ऑगस्टला, अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ अशा मतांनी राष्ट्राध्यक्षांना आग्नेय आशियात आवश्यक वाटेल ती लष्करी कारवाई करण्याची मुभा देणारा ठराव संमत केला. विरोधात मत देणारे दोघे म्हणजे ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग. पुढील काळात याच ठरावाच्या आधारे व्हिएतनाममधील युद्ध लढले गेले. त्यात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मृत्यू पावले. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार व्हिएतनामी मृतांची संख्या, सैनिक व नागरिक मिळून, सुमारे ३१ लाख होती.

४ ऑगस्टचा तो हल्ला झालाच नव्हता, हे आता बहुतेक सर्व अभ्यासक मान्य करतात. मतभेद आहे तो हे कसे घडले याविषयी. आणि या प्रश्नाला दिल्या जाणाऱ्या बहुतेक उत्तरांत एक साधा, घरगुती शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. तो शब्द म्हणजे 'चूक'. प्रस्तुत लेखात तत्कालीन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांचे 'इन रेट्रोस्पेक्ट' (१९९५) हे आत्मकथनपर पुस्तक, एरॉल मॉरिस यांचा 'द फॉग ऑफ वॉर' (२००३) हा अनुबोधपट आणि रॉबर्ट हॅनियॉक यांचा २००५ मध्ये खुला झालेला अभ्यास यांच्या आधारे या शब्दाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

या लेखनाचे एक निमित्त सांगणे अस्थानी ठरू नये. प्रस्तुत लेखक पदव्युत्तर वर्गास आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवतो. 'द फॉग ऑफ वॉर' वर्गात दाखविल्यानंतर विद्यार्थ्यांना टिपण लिहावयास सांगितले असता बहुसंख्य टिपणांत एक वाक्य थोड्याफार फरकाने आढळले : मॅक्नामारांनी आपली चूक मोठ्या मनाने कबूल केली. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. चित्रपटाने त्यांना तेच वाचावयास शिकविले होते. पण काय कबूल केले आणि काय केले नाही, हे तपासण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

दोन दिवस, दोन घटना

प्रथम घटनाक्रम. २ ऑगस्टची चकमक खरी होती. 'मॅडॉक्स' ही विनाशिका उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत संदेशग्रहणाच्या गस्तीवर असताना तीन टॉर्पेडो नौका तिच्या रोखाने आल्या. पहिले गोळे, इशाऱ्यादाखल म्हणून, 'मॅडॉक्स'नेच डागले. नंतर टॉर्पेडो सुटले आणि 'टिकॉन्डेरोगा' या विमानवाहू नौकेवरील विमानेही चकमकीत उतरली. 'मॅडॉक्स'ला एक गोळी लागली. एकही अमेरिकी नौसैनिक जखमी झाला नाही. उत्तर व्हिएतनामी बाजूची माणसे मात्र मारली गेली आणि त्यांच्या नौकांचे नुकसान झाले.

या नौका का आल्या, याचे उत्तर ३०-३१ जुलैच्या रात्रीत आहे. त्या रात्री होन मे आणि होन न्गू या उत्तर व्हिएतनामी बेटांवर वेगवान नौकांतून मारा करण्यात आला होता. हा मारा 'ऑपलान ३४-ए' या गुप्त मोहिमेचा भाग होता. खलाशी दक्षिण व्हिएतनामचे असले तरी योजना, नौका आणि प्रशिक्षण अमेरिकेचे होते. ३ ऑगस्टच्या रात्री असाच मारा मुख्य भूमीवरील ठिकाणांवर पुन्हा झाला. म्हणजे ४ ऑगस्टला दोन्ही विनाशिका आखातात फिरत होत्या तेव्हा किनाऱ्यावरचे लोक अस्वस्थ होते आणि जहाजांवरचे लोकही हल्ल्याची वाट पाहत होते. वाट पाहणाऱ्याला चाहूल लवकर लागते.

त्या रात्री हवा खराब होती, चंद्रप्रकाश नव्हता. रडारवर ठिपके उमटले, सोनारवर बसलेल्या तंत्रज्ञांनी एकामागून एक टॉर्पेडोंचे आवाज ऐकल्याचे कळविले. त्यांची संख्या वीसच्या वर गेली. विनाशिका वेडीवाकडी वळणे घेत काही तास अंधारात मारा करीत राहिल्या. वरून पाहणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांना एकही शत्रुनौका दिसली नाही. हे त्यांनी वीस वर्षांनी, १९८४ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. मधल्या काळात ते १९६५ ते १९७३ अशी साडेसात वर्षे उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते.

यानंतर जे घडले ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. गस्तीचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी समुद्रावरूनच तार पाठविली. तिचा आशय असा, की कळविलेले पुष्कळसे संपर्क व टॉर्पेडो संशयास्पद वाटतात, हवामानाचा रडारवर झालेला विचित्र परिणाम आणि सोनारवरील माणसांचा अति उत्साह हे त्याचे कारण असू शकते, 'मॅडॉक्स'वरील कोणीही प्रत्यक्ष डोळ्यांनी काही पाहिलेले नाही, तेव्हा पुढील कोणतीही कारवाई करण्यापूर्वी संपूर्ण छाननी व्हावी. ही तार वॉशिंग्टनच्या वेळेनुसार ४ ऑगस्टच्या दुपारी दीडच्या सुमारास पोहोचली. प्रत्युत्तराचा तत्त्वतः निर्णय त्याच दुपारी भोजनाच्या वेळी झालेला होता. प्रत्यक्ष हल्ल्याचा आदेश निघाला तो ४ वाजून ४९ मिनिटांनी. दोहोंमध्ये तीन तासांहून अधिक अवधी होता.

हेरिक यांच्याशी अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की नंतरच्या तारांत त्यांनी सुरुवातीचा सापळा खरा असावा असे मतही दिले होते. त्यांच्या मनात गोंधळ होता आणि तो त्यांनी लपविला नाही. अंधारात तोफा डागून थकलेल्या अधिकाऱ्याकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येत नाही. समुद्रावर जे घडले त्याला 'चूक' म्हणणे सर्वथा रास्त आहे.

मॅक्नामारांचे कथन

'द फॉग ऑफ वॉर' हा चित्रपट अकरा धड्यांत विभागलेला आहे. टोंकिनचा प्रसंग सातव्या धड्यात येतो. श्रद्धा आणि दृष्टी या दोन्ही पुष्कळदा फसव्या असतात, असा त्या धड्याचा आशय. मॉरिस यांचा कॅमेरा मॅक्नामारांच्या चेहऱ्यावर खिळलेला आहे, ते थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोलतात. मध्ये मध्ये त्या दिवशीच्या दूरध्वनी संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकू येतात आणि मागे फिलिप ग्लास यांचे अस्वस्थ करणारे संगीत. मॅक्नामारा सांगतात, की २ ऑगस्टचा हल्ला झाला हा आमचा निष्कर्ष बरोबर होता, ४ ऑगस्टचा चुकीचा. त्या दिवशी सारा गोंधळ होता. आपण चुकलो, पण आपल्या मनात एक धारणा होती आणि तिच्यामुळे ती कृती घडली. आपण जे मानू इच्छितो तेच पाहतो, असे मॉरिस सुचवतात आणि मॅक्नामारा ते तत्काळ मान्य करतात.

कलाकृती म्हणून हा प्रसंग प्रभावी आहे, यात शंका नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाने असे बोलावे हे हेलावून टाकणारे आहे. पण येथे युक्तिवाद कसा सरकतो ते पाहावे. हेरिकच्या रडारवरील धुके आणि संरक्षणमंत्र्यांच्या टेबलावरील कागद एकाच रूपकाखाली आणले जातात. सोनारवरील विशीतल्या तंत्रज्ञाची श्रवणशक्ती आणि पेंटॅगॉनच्या अनुभवी अधिकाऱ्यांची निर्णयशक्ती या दोन्ही 'मानवी मर्यादा' ठरतात. धुके ही निसर्गाची गोष्ट आहे. तिला कर्ता नसतो. 'धुके दाटले' या वाक्यात कोणी काही केले, असे म्हणताच येत नाही.

वस्तुतः दुपारी चारच्या सुमारास मॅक्नामारा यांनी होनोलुलू येथील पॅसिफिक विभागाचे सरसेनापती ॲडमिरल युलिसिस शार्प यांना दूरध्वनी केला. हल्ला झालाच नाही अशी काही शक्यता आहे काय, असे त्यांनी विचारले. थोडीशी शक्यता आहे, असे उत्तर मिळाले. अर्थात संरक्षणमंत्र्यांना प्रश्न पडला होता, त्यांनी तो योग्य माणसाला विचारला आणि उत्तरही मिळाले; या साखळीत धुके कोठेच नाही. शार्प यांनी निश्चित पुरावा हाती येईपर्यंत थांबावे असे सुचविले, तरीही मॅक्नामारा यांनी आदेश कायम ठेवून मधल्या वेळेत खात्री करून घेण्याचा पर्याय स्वीकारला. पुढे पावणेपाचच्या सुमारास सेनाप्रमुखांची बैठक झाली, ती उपलब्ध पुराव्याची जुळवाजुळव करण्यासाठी. निर्णय आधी आणि पुरावा नंतर हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. बैठक सुरू झाल्यावर दोनच मिनिटांत आदेश रवाना झाला. शार्प यांनी आपले समाधान झाल्याचे कळविले ते त्यानंतर, ५ वाजून २३ मिनिटांनी.

डॅनियल एल्सबर्ग यांचा त्या कार्यालयातील तो पहिलाच दिवस होता. हेरिक यांच्या तारा त्यांनी तेथे येताना पाहिल्या. त्यांचे हे कथन २००२ च्या 'सीक्रेट्स' या पुस्तकात आहे. पुढे पेंटॅगॉन पेपर्स उघड करणाऱ्या माणसाचे कथन म्हणून कोणी ते बाजूला ठेवील. पण हेरिकची तार आणि शार्प यांचे संभाषण यांसाठी एल्सबर्ग यांच्या साक्षीची गरज नाही; ते सरकारी अभिलेखांतच आहे.

'इन रेट्रोस्पेक्ट' मधील एक स्थळ याहून बोलके आहे. ६ ऑगस्ट १९६४ रोजी सिनेटच्या बंद बैठकीत मोर्स यांनी बेटांवरील माऱ्याचा विषय काढला. पेंटॅगॉनमधील कोणीतरी त्यांना आधीच सावध केले होते. तेव्हा मॅक्नामारा यांनी सांगितले, की अशा काही कारवाया झाल्या असल्यास त्यांच्याशी आपल्या नौदलाचा काहीही संबंध नव्हता आणि नौदलाला त्यांची माहितीही नव्हती. पुस्तकात ते मान्य करतात, की हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते, कारण हेरिक यांना त्या मोहिमेची कल्पना होती. मात्र आपण ते विधान प्रामाणिकपणे केले होते असेही ते म्हणतात. चूक होती, पण प्रामाणिक.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, जॉन्सन यांच्या दूरध्वनी ध्वनिमुद्रणांचे मायकेल बेश्लॉस यांनी संपादिलेले संकलन प्रकाशित झाले. त्यात ३ ऑगस्टच्या सकाळचे एक संभाषण आहे. मॅक्नामारा राष्ट्राध्यक्षांना सांगत आहेत, की काँग्रेसच्या नेत्यांना '३४-ए' या गुप्त कारवायांविषयीही सांगितले पाहिजे, कारण २ ऑगस्टच्या घटनेशी त्यांचा संबंध होता यात शंका नाही. तीन दिवसांनी, सिनेटसमोर, तोच संबंध अदृश्य झाला. मोर्स यांचा प्रश्न खरे तर सरकारला उद्देशून होता. उत्तर दिले गेले ते फक्त नौदलापुरते. शब्दशः पाहता हेरिकला माहिती होती की नाही एवढ्याच मुद्द्यावर विधान चुकीचे ठरते आणि पुस्तकातील कबुली नेमकी तेवढीच आहे. 'नरो वा कुंजरो वा' ही परंपरा केवळ कुरुक्षेत्राची नाही.

साथी आणि जहाजे

आता मूळ पुराव्याकडे. मॅक्नामारा व शार्प यांची खात्री पटली ती समुद्रावरून आलेल्या वृत्तांमुळे कमी आणि पकडलेल्या उत्तर व्हिएतनामी संदेशांमुळे अधिक. हे संदेश पकडण्याचे काम नॅशनल सिक्युरिटी एजन्सी ही संस्था करीत असे. दक्षिण व्हिएतनाममधील फू बाई आणि फिलिपाइन्समधील सान मिगेल येथे तिला माहिती पुरविणारी केंद्रे होती. रॉबर्ट हॅनियॉक हे या संस्थेतीलच इतिहासकार. त्यांचा दीर्घ निबंध प्रथम संस्थेच्या अंतर्गत, गोपनीय नियतकालिकात आला आणि ३० नोव्हेंबर २००५ रोजी खुला करण्यात आला. इराक युद्धाच्या पार्श्वभूमीवर नको ती तुलना होईल या भीतीने तो दडपून ठेवण्यात आल्याचे वृत्त त्याच्या महिनाभर आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिले होते.

हॅनियॉक यांचे निष्कर्ष गंभीर आहेत. ४ ऑगस्टच्या हल्ल्याची आगाऊ सूचना म्हणून जो संदेश पुढे पाठविण्यात आला, त्यातील नौका हल्ल्याच्या तयारीत नव्हत्या. २ ऑगस्टला नुकसान झालेल्या नौका ओढून नेण्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्या दिवसाशी निगडित संदेशांपैकी सुमारे ९० टक्के संदेश नंतरच्या अहवालांत वापरलेच गेले नाहीत, आणि वगळलेल्या त्या संदेशांतून हल्ला झाला नाही हेच चित्र उभे राहत होते. निर्णायक मानल्या गेलेल्या संदेशात क्षेत्रीय केंद्राच्या अनुवादानुसार 'आम्ही दोन साथी गमावले' अशा अर्थाचे शब्द होते. मुख्यालयाच्या अनुवादात त्या जागी 'दोन जहाजे' आले. शिवाय तो अनुवाद दोन वेगळे संदेश एकत्र जोडून तयार झाला असावा, असेही हॅनियॉक दाखवतात. मूळ व्हिएतनामी मजकूर अभिलेखांत सापडत नाही.

साथी की जहाजे, हा फरक किरकोळ नाही. साथी गमावल्याचा संदेश २ ऑगस्टच्या चकमकीचा मागाहून दिलेला वृत्तान्त म्हणून सहज वाचता येतो, कारण तेव्हा माणसे खरोखर मारली गेली होती. दोन जहाजे गमावल्याचा संदेश मात्र विनाशिकांच्या त्या रात्रीच्या दाव्याशी तंतोतंत जुळतो. कारण आपण शत्रूच्या नौका बुडविल्या, असे त्यांनी कळविलेले होते. पेंटॅगॉनमधील त्या सायंकाळच्या बैठकीत जे मोजके मुद्दे पुरावा म्हणून मांडले गेले त्यात 'दोन नौकांचा बळी गेल्याची' ही कथित कबुली होती. भाषेच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट खटकते. बळी जाणे, कामी येणे, हुतात्मा होणे ही माणसांची क्रियापदे आहेत. जहाज बुडते, फुटते, निकामी होते. अनुवादित वाक्यातील हे अवघडलेपण वाचणाऱ्यांपैकी एकालाही मूळ मजकूर मागवावा असे वाटले नाही.

'ध'चा 'मा'

हॅनियॉक यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याचे जे स्वागत झाले त्यात मराठी वाचकाला एक ओळखीची गोष्ट सापडेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या आज्ञेतील 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला आणि गारद्यांना 'मारावे' असा हुकूम मिळाला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या ऐतिहासिक सत्यतेविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण तिची लोकप्रियता कशात आहे? एका अक्षरात, एका हातात सारा अपराध सामावतो. मूळ हुकूम देणारे रघुनाथराव अर्ध्याने सुटतात. त्यांनी तर फक्त धरावयास सांगितले होते! रामशास्त्री प्रभुण्यांचे मोठेपण असे, की त्यांनी चौकशी अक्षरापाशी थांबू दिली नाही आणि दोष रघुनाथरावांवर ठेवला.

टोंकिनच्या बाबतीत 'साथी'चे 'जहाज' होणे हे असेच एक अक्षर होऊन बसले आहे. हॅनियॉक यांच्या मते प्रारंभीचा अर्थ लावताना झालेली चूक प्रामाणिक होती. ती लक्षात आल्यावर मधल्या फळीतील लोकांनी ती सुधारण्याऐवजी पुरावा तिच्याशी जुळवून घेतला. वरून तसा आदेश आल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ही सावध आणि अभ्यासू भूमिका आहे. तथापि वृत्तपत्रांनी आणि त्यांच्यामागून पाठ्यपुस्तकी लेखनाने त्यातून जो अर्थ काढला तो असा, की गुप्तवार्ता खात्याने नेत्यांची फसवणूक केली. मॅक्नामारांच्या धुक्यापेक्षा हे स्पष्टीकरण वेगळे दिसते, पण परिणाम तोच. धुक्यात कोणीच दोषी नसते आणि 'ध'चा 'मा' केल्यावर कारकून दोषी ठरतो.

एडविन मोईझ यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात, व्हिएतनामी भाषेतील साधनांचाही उपयोग करून, ४ ऑगस्टचा हल्ला झाला नाही हे सिद्ध केले आणि तो बनाव नसून खरीखुरी चूक होती असे मत दिले. त्यांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनही येथे असहमती नोंदवावीशी वाटते. बनाव की चूक, हा पर्यायच अपुरा आहे. बनाव म्हणण्यासाठी खोटे आहे हे माहीत असावे लागते; जॉन्सन वा मॅक्नामारा यांना ते दुपारी चार वाजता माहीत होते असे म्हणता येत नाही. पण चूक म्हणण्यासाठीही एक अट आहे. चुकणाऱ्याला शंकेची संधी मिळालेली नसावी, किंवा मिळाली तर त्याने ती वापरलेली असावी. न्यायाधीश पुरावा ऐकून चुकीचा निकाल देऊ शकतो. साक्षीदार दाराशी उभा असताना त्याला आत न बोलावता निकाल वाचून दाखविणाऱ्याच्या कृतीला आपण चूक म्हणत नाही.

मग त्या कृतीला काय म्हणावे? प्रस्तुत लेखकाच्या मते दीड वाजेपर्यंतच्या घटनांना 'चूक' हा शब्द वापरावा आणि त्यानंतरच्या घटनांना 'निवड'. शंका आली, ती लेखी आली, जबाबदार अधिकाऱ्याकडून आली. तिच्या निरसनासाठी एक दिवस थांबण्याने लष्करी दृष्ट्या काहीही बिघडणार नव्हते. विन्ह येथील तेलसाठे आणि नौकातळ दुसऱ्या दिवशीही तेथेच असते. बिघडणार होते ते राजकीय वेळापत्रक. नोव्हेंबरात निवडणूक होती, प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर जॉन्सन यांच्यावर दुबळेपणाचा आरोप करीत होते आणि काँग्रेसच्या ठरावाचा मसुदा मे-जूनपासून तयार होता. या गोष्टी कारस्थानाच्या नव्हेत, सामान्य राजकारणाच्या आहेत. कारस्थान सिद्ध करावे लागते. निवडीला केवळ दोन वेळा पुरेशा होतात, तार आल्याची आणि आदेश निघाल्याची.

मॅक्नामारांच्या कथनात दुसरी बाजू फारशी बोलत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. नोव्हेंबर १९९५ मध्ये ते हनोईला गेले आणि जनरल व्हो न्गुएन झाप यांना त्यांनी ४ ऑगस्टविषयी विचारले. त्या दिवशी काहीच घडले नाही, असे झाप यांनी सांगितले. व्हिएतनामी नौदल २ आणि ५ ऑगस्ट या तारखा आपल्या पहिल्या लढाईचे दिवस म्हणून पाळते. ५ ऑगस्टला अमेरिकेची विमाने आली आणि त्यांपैकी दोन पाडली गेली. एक वैमानिक मारला गेला, दुसरा, एव्हरेट अल्व्हारेझ, आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिला. मधली ४ तारीख त्या दिनदर्शिकेत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांनी झालेली ही हनोई भेट १९६४ मध्ये शक्य नव्हती, हे खरे. पण १९६४ मध्ये विचारता येण्याजोगे जे होते, म्हणजे हेरिकला सवडीने बोलू देणे, मूळ संदेश मागविणे, तेही विचारले गेले नाही. आणि पुस्तकात या न विचारण्याला स्वतंत्र जागा नाही.

बंद दारामागील चौकशी

चौकशी झाली ती साडेतीन वर्षांनी. २० फेब्रुवारी १९६८ रोजी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीसमोर मॅक्नामारा पुन्हा उभे राहिले. समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट होते. १९६४ मध्ये सिनेटमध्ये ठराव संमत करून घेण्याची जबाबदारी याच फुलब्राइट यांनी वाहिली होती आणि त्याचा पश्चात्ताप त्यांनी लपविला नाही. हेरिकच्या तारेचा विषय निघाला. मॅक्नामारा यांनी पकडलेल्या संदेशांकडे बोट दाखविले. अत्यंत गोपनीय आणि निर्विवाद अशा स्रोताकडून आलेली माहिती म्हणून त्यांनी त्यांचा उल्लेख केला. गोपनीय असल्यामुळे ती तपासता येत नव्हती आणि तपासता येत नसल्यामुळे निर्विवाद राहिली. अनुवाद कोणी केला, मूळ शब्द काय होता, वेळ कोणती होती हे विचारू शकेल असा भाषातज्ज्ञ त्या खोलीत नव्हता.

त्याच सुमारास समितीच्या सदस्यांनी आपसांतही बंद दाराआड चर्चा केली. टेनेसीचे सिनेटर अल्बर्ट गोर, म्हणजे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या गोर यांचे वडील, यांनी देशाची दिशाभूल झाली असेल तर तिचे परिणाम फार मोठे आहेत, अशा आशयाची चिंता व्यक्त केली. शंका उघडपणे मांडावी की युद्ध चालू असताना मौन पाळावे, यावर सदस्यांत खल झाला. मौन पाळण्यात आले. त्या वेळी व्हिएतनाममध्ये सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक होते. टोंकिन ठराव रद्द झाला तो जानेवारी १९७१ मध्ये. समितीच्या त्या बंद बैठकांचे इतिवृत्त जुलै २०१० मध्ये खुले करण्यात आले. तेव्हा मॅक्नामारांच्या मृत्यूला एक वर्ष होऊन गेले होते.